सड्यावरचा आणि मळ्यातला

बागेतल्या खोपटाचं, मांगराचं, दार उघडलं आणि असा भपकारा आला की वैदेहीने ओढणी नाकाला लावली. पिकत घातलेल्या आंब्यांच्या आढीचा पेंढा उचलला तर चिलटांचा धुरळा उठला. देठाशी काळे पडलेले, पाणी सुटलेले आंबे बोटांतच फुटत होते आणि चिकट रस कोपरापर्यंत ओघळत होता. चांगले चार आंबे वाचवायचे तर आधी या घाणीत हात घालायला हवा होता. बागाईतदाराच्या घरात सून म्हणून आल्यापासून आंब्याची एवढी शिसारी तिला कधी आली नव्हती.

चूक तिचीच होती, ते ती नाकारत नव्हती. डोंगरमाथ्यावरच्या सड्याच्या कातळातला हापूस आणि खालच्या मळ्यातला हापूस एका आढीत घालायचा नाही, हे तिचे सासरे आप्पा दर हंगामात बजावत. सड्यावरचा चार दिवस आधी पिकतो. मळ्यातल्याची वाट बघत बसला तर कुजतो. यंदा आप्पांनी मांगराची किल्ली पहिल्यांदाच तिच्या हाती दिली होती, आणि तिने पहिल्याच मोठ्या आढीत दोन्हीकडचे आंबे एकत्र निजवले होते. दुपारी तीन वाजता.

खरी गोम त्या तीनमध्ये होती. लक्ष एका जागी ठरत नाही त्याला एडीएचडी म्हणतात, हे तिला तिशी उलटल्यावर कळलं होतं. सकाळी घेतलेली एक गोळी संध्याकाळपर्यंत पुरायची. दोन वर्षं ती माणसासारखी कामं करत होती. मग त्या कंपनीची गोळी रत्नागिरीत मिळेनाशी झाली आणि तिच्या नवऱ्याने, शार्दूलने, त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची स्वस्त, जेनेरिक गोळी आणून दिली. सकाळ बरी जाई. दोन वाजले की डोक्यात बाजार भरे. तिने शार्दूलला सांगितलं, तर त्याने पाकीट पुढे धरून औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वाचून दाखवले. आप्पांनी तर मनाचे खेळ म्हणून विषयच संपवला. आणि तिला स्वतःची सगळ्यात जास्त चीड येत होती ती यासाठी, की तिनेही ते खरं मानलं. डॉक्टरांना साधा फोन केला नाही.

आप्पा आत आले. त्यांनी ढिगातला एक नासका आंबा उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "हा सड्यावरचा." दुसरा उचलला. "हा मळ्यातला. तुला एवढं कळू नये?"

"दोन्ही हापूसच ना, आप्पा?" वैदेही म्हणाली. "कलमं एकाच झाडाची."

"एकाच झाडाची असली म्हणून एका वेळी पिकतात काय गो? जमीन वेगळी, तर पिकायची वेळही वेगळी."

"मी महिनाभर दुसरं काय सांगत होते? औषध तेच आहे. पण ते पोटात सुटायची वेळ वेगळी आहे. तुम्हाला आंब्यातलं कळतं, ते माझ्या डोक्यातलं मला कळू नये?"

नेहमीप्रमाणे चूक करणाऱ्याकडून किल्ली परत मागायला आप्पांनी हात पुढे केला. तिने किल्ली मुठीत घट्ट धरली.

"सोमवारी डॉक्टरांकडे जातेय," ती म्हणाली. "तोवर आढ्या सकाळीच लावीन. दुपारी मांगर बंद. किल्ली मात्र देणार नाही."

पुढे केलेला हात आप्पांनी हळूच मागे घेतला आणि पंचाला पुसला. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "किती वाजता उतरते म्हणालीस ती गोळी?"

"दोनला."

चाळीस डझन आंबे कुजल्यावर या घरात तिला हे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. तिला बरं वाटायला हवं होतं, पण त्यासाठी आधी आंबेच कुजावे लागले याची किळस वाटली, हातावरच्या रसापेक्षा जास्त. तिने किल्ली कमरेला खोचली आणि पुढचा नासका आंबा उचलला.