मागचा आरसा

धर्माजींनी काठीच्या टोकाने खुर्ची ढोसली. ती गरकन फिरली आणि पुन्हा त्यांच्याकडेच तोंड करून थांबली.

"ही अशीच फिरते काय?"

"तुमी बसल्यावर नाय फिरणार, काका," भगवंत म्हणाला.

जवळच उभ्या राहणाऱ्या नव्या प्रकल्पावरच्या लोकांसाठी बोईसरच्या स्टेशनरस्त्यावर रोज काहीतरी उघडत होतं. आधी औषधांचं दुकान, मग लाँड्री, आणि आता भगवंतचं सलून. कामगार "भैया, जल्दी" म्हणत दाढी करून जात. पण ते आज इथे, उद्या दुसऱ्या कामावर. भगवंतला गावची, म्हणजे शेजारच्या पाम गावची डोकी हवी होती, आणि पामची डोकी धर्माजींच्या मागून चालत. धर्माजींचे केस आजवर भगवंतने त्यांच्याच वाडीत, समोरासमोर उकिडवं बसून कापले होते. न्हाव्याच्या दारात आपण कशाला जायचं? आज ते नुसतं बघायला आले होते.

शेजारचा किराणावाला नरहरी चौकटीला टेकून उभा होता. स्वतःच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्याला दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाची फार काळजी.

"बसा की. खुर्ची चावत नाय."

धर्माजी बसले. टोपी मांडीवर घेतली. भगवंतने जीव ओतून कात्री चालवली, मान साफ केली आणि साहेबलोकांना दाखवायच्या सवयीने हातातला आरसा डोक्यामागे धरला.

धर्माजी समोरच्या मोठ्या आरशात बघत राहिले.

"हा कोण?"

"तुमीच. मागून."

त्यांनी हात मागे नेला. आरशातल्या माणसानेही आपल्या ताटलीएवढ्या टकलावर हात फिरवला.

"तू तर विरळ म्हणायचास."

"विरळच हाय, काका." भगवंतने हातातला आरसा खाली ठेवला. "जरा जास्त विरळ."

नरहरीने तोंड रस्त्याकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते.

धर्माजी उठले. टोपी नेहमीपेक्षा मागे ओढून घातली आणि दाराकडे निघाले. गेलं पाम हातचं, असं मनाशी म्हणत भगवंत त्यांच्या अंगावरून काढलेलं कापड घडी करू लागला.

दारात धर्माजी थांबले.

"नरहरी, तुझे रे कसे हायत मागून?"

"दाट. विचारा भगवंतला, तोच सांगतो."

धर्माजींनी भगवंतकडे पाहिलं. भगवंतने घडी केलेलं कापड पुन्हा झटकलं.

"बस," धर्माजी नरहरीला म्हणाले.

"दुकान उघडं हाय, काका."

"पळून नाय जात."

त्यांनी काठी कोपऱ्यात टेकवली आणि भगवंतच्या पुढ्यातला, मागून दाखवायचा आरसा स्वतःच उचलून घेतला.