जास्तीचं ताट

सासू-सुनेचं भांडण कशावरून होईल याचा काही नेम नसतो. मेलानिया आणि झोर्याना यांचं त्या संध्याकाळी एका ताटावरून झालं, आणि ताटही रिकामं.

नाताळची आदली संध्याकाळ होती, म्हणजे पवित्र संध्याकाळ. दिवसभर उपास करायचा आणि पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. बारा पदार्थ, सगळे बिनमांसाचे. मधोमध कुतिया, म्हणजे मध-खसखस घालून शिजवलेले गहू. आणि टेबलावर एक ताट जास्तीचं, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी. त्या रात्री ती येतात आणि चमचाभर कुतिया खाऊन जातात, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

वीज दुपारपासून गेली होती. हल्ली ती आली, तर तीच बातमी असते. रशियनांची क्षेपणास्त्रं नेमकी थंडीच्या तोंडावर वीजघरांवर पडतात. झोर्यानाने मेणबत्तीच्या उजेडात ताटं मांडली. एक सासूचं, एक स्वतःचं, एक शेजारच्या येव्दोखा मावशीचं, कारण या संध्याकाळी एकट्या माणसाला एकटं जेवू द्यायचं नसतं. आणि चौथं जास्तीचं.

मेलानियाने टेबलाकडे पाहिलं. "पाचवं कुठाय?"

"चारच मांडलीत, आई."

"हे गेलेल्यांचं. मग माझ्या सेवेरिनचं कुठाय?"

सेवेरिन म्हणजे मेलानियाचा एकुलता एक मुलगा, झोर्यानाचा नवरा. मागच्या वर्षी बीट काढायच्या दिवसांत तो दोनेत्स्ककडच्या आघाडीवर बेपत्ता झाला. मेला म्हणावं तर देह मिळाला नव्हता. कैदेत आहे म्हणावं, तर सुटून आलेल्यांपैकी कोणीही त्याला पाहिलेलं नव्हतं. तेव्हापासून मेलानिया रोज रात्री त्याचं ताट मांडायची आणि जेवणं झाली की न वापरलेलं ताट धुऊन ठेवायची. झोर्याना हे वर्षभर पाहत आली होती.

"बोल ना. हे चौथं कोणाचं मांडलंयस?"

"मला माहीत नाही, आई," झोर्याना म्हणाली. "सासऱ्यांचं आहे की त्याचं, खरंच माहीत नाही. रोज सकाळी मी त्याची बायको म्हणून उठते की विधवा म्हणून, तेसुद्धा मला माहीत नाही."

"जिभेला काही हाड! सणासुदीला पोराचं मरण चिंततेस?"

"मी चिंतत नाहीये. मला फक्त कळायला हवंय. आणि ते तुमच्या हातात आहे."

झालं. गाडी पुन्हा त्याच रुळावर आली. वर्षभर या घरात भांडण मिठावरून सुरू होवो की सरपणावरून, संपायचं एकाच गोष्टीवर. आघाडीवरून आणलेले, अदलाबदलीत परत मिळालेले कितीतरी देह शवागारांत निनावी पडून होते. ओळख पटवायची तर रक्ताच्या नात्यातल्या कोणाचा तरी डीएनए नमुना लागतो. सेवेरिनचे वडील पूर्वीच वारलेले, भाऊ-बहीण नाही, मूल झालं नव्हतं. त्याच्या वापरातलं काही चाललं असतं, पण वस्तरा, ब्रश, सगळं तो बरोबर घेऊन गेला होता. उरली फक्त आई. आणि आई काही नमुना द्यायला तयार नव्हती. जिल्ह्याच्या कचेरीतून फोन आला की ती "चुकीचा नंबर" म्हणून ठेवून द्यायची.

तिला ही बुद्धी एकटीला सुचली होती असंही नाही. सगळं गाव तिच्या पाठीशी होतं. पलीकडच्या गल्लीतली मोत्र्या, जिचा मुलगाही बेपत्ताच होता, विहिरीवर भेटली की बजावायची, "देऊ नकोस हो मेलानिया. ती खालच्या आळीतली देऊन आली आणि महिन्यात दारात शवपेटी. नमुना दिला की देव समजतो, आईनेच आशा सोडली." चांगल्या शिकल्यासवरलेल्या बायका यावर माना डोलवायच्या. कोणाला हसायची सोय नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

इतक्यात दार वाजलं आणि येव्दोखा मावशी आत आल्या. ऐंशी उलटलेली बाई, पाठीत वाकलेली, हातात वाळवलेल्या फळांच्या सरबताची बरणी. दोघींची तोंडं पाहून त्या म्हणाल्या, "तारा कधीच उगवलाय. बाहेर माझे पाय गारठले, आणि इथे आत त्याहून गार दिसतंय."

मेलानियाने गुपचूप कपाटातून पाचवं ताट काढून मांडलं. प्रार्थना झाली. तिघींनी कुतियाचा पहिला चमचा घेतला. मावशींनी दोन रिकाम्या ताटांकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

"दोन ताटं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे असायची तशी."

"तुमच्याकडे?" झोर्यानाने विचारलं.

"चव्वेचाळीस साली माझ्या बापाला सैन्यात नेलं. अंगावरच्या कोटानिशी. मी दोन वर्षांची. त्याचं पुढे काय झालं, कोणी सांगितलं नाही. आईने चर्चमध्ये त्याच्यासाठी मेलेल्यांची प्रार्थना कधी म्हणू दिली नाही. दर पवित्र संध्याकाळी दोन ताटं. एक आजोबाचं, एक त्याचं. चाळीस वर्षं, मेलानिया. तिला चांगली स्थळं आली, तिने दाराबाहेर घालवली. मरायला टेकली तेव्हा मला म्हणाली, 'येव्दोखा, आता त्याला मी कुठे शोधू? वर, की इथेच?' मला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही. कुठल्या तरी शेतात असेल. त्याच्यावर लोक बटाटे लावत असतील."

मेणबत्ती फडफडली. मेलानिया ताठ बसून होती.

"ते दिवस वेगळे होते, मावशी."

"होतेच की. माझ्या आईला कळायचा रस्ताच नव्हता. तुला आहे. तुझ्या तोंडात आहे तो, आणि तू तोंड मिटून बसलीयेस."

"महिन्यात शवपेटी येते."

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने तोडली म्हणायची? तो असेल तर आहे, नसेल तर केव्हाच नाही. गालाच्या आतून एक काडी फिरवल्याने कोणी मरत नाही, बाई. आणि तो त्यांच्यात नसला, तर तेही कळेल. आशेला तेवढंच बळ."

"मला कळायचंच नाहीये!" मेलानिया एकदम म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "जोवर कळत नाही तोवर तो आहे. तुम्ही सगळ्या मिळून मारताय त्याला."

मावशी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या बहिणीचा फोन येतो का गं हल्ली?"

झोर्यानाने दचकून वर पाहिलं. त्या घरात ल्यूबाचं नाव काढायचं नाही असा दंडक होता. मेलानियाची ही सख्खी धाकटी बहीण लग्न होऊन रशियात वोरोनेझला गेलेली. युद्धाच्या पहिल्या दिवशी, भिंती हादरत असताना, तळघरात बसून मेलानियाने तिला फोन केला होता. "ल्यूबा, आमच्यावर बॉम्ब टाकतायत गं तुमचे लोक." आणि पलीकडून बहीण म्हणाली होती, "उगाच काहीतरी नको सांगूस. टीव्हीवर तसलं काही नाही." त्या दिवसापासून मेलानियाने बहिणीशी बोलणं तोडलं होतं.

"तिचं काय इथे?" मेलानिया म्हणाली.

"तू काय म्हणाली होतीस तिला, आठवतंय? मी शेजारीच बसले होते तळघरात. 'ल्यूबा, तू डोळ्यावर कातडं ओढून घेतलंयस. तू बघत नाहीस म्हणून आम्ही मरायचे थांबत नाही.' बरोबर बोललीस तू. हे युद्ध त्यांनी आपल्या दारात आणलं, आणि तिकडच्या असंख्य आया-बहिणी न बघता बसल्या म्हणून ते अजून चाललंय. पण मग तू काय करतेयस, मेलानिया? तुझा पोरगा कुठल्यातरी थंड खोलीत नावाऐवजी नुसता नंबर होऊन पडला असेल, आपल्या आईची वाट बघत. आणि तू फोन उचलून म्हणतेस, चुकीचा नंबर."

बाहेर गल्लीतून कोणी नाताळची गाणी गात गेलं नाही. गाणारी पोरं आता आघाडीवर होती. मेलानियाने सुनेकडे पाहिलं. किती दिवसांनी नीट पाहिलं असेल. सत्तावीस वर्षांची पोर, आणि कानाजवळ केस पांढरे झालेले. हिलाही आपण चाळीस वर्षं दोन ताटांसमोर बसवणार होतो.

"देवा," ती म्हणाली, "मी ल्यूबा झाले!"

आणि वर्षभर न रडलेली ती बाई टेबलावर डोकं ठेवून रडली. झोर्याना उठली, सासूच्या पाठीशी उभी राहिली आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवून तीही रडली.

सण संपताच दोघी बसने जिल्ह्याला गेल्या. वाटेत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, बस थांबली, सगळे रस्त्याकडेच्या बर्फात उतरून बसले आणि परत चढले. कचेरीतल्या मुलीने मेलानियाला तोंड उघडायला सांगितलं, गालाच्या आतून काडी फिरवली आणि म्हणाली, "झालं, आजी."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढ्यासाठी आपण वर्षभर लपत होतो, हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा फोन आला. मेलानियाने या वेळी तो पहिल्या घंटेला उचलला आणि म्हणाली, "हो, मीच त्याची आई." मग बराच वेळ ती नुसतं ऐकत राहिली. सेवेरिन दुसऱ्या एका शहराच्या शवागारात होता. देहांच्या अदलाबदलीत तो मागच्याच वसंतात परत आला होता. म्हणजे गेलं वर्षभर ज्या ज्या रात्री ती त्याचं ताट धूत होती, त्या सगळ्या रात्री तो आपल्याच देशात, घरापासून फार तर दिवसभराच्या वाटेवर, नाव नसलेला पडून होता.

त्याला आणलं तेव्हा वेशीपासून घरापर्यंत सगळं गाव त्याला मान द्यायला चिखलात गुडघ्यांवर बसलं होतं. झोर्यानाच्या हातात फुलं होती, सम संख्येत, मेलेल्यांना देतात तशी. तिने ती पुन्हा एकदा मोजली. पेटी खाली उतरताना मेलानिया एवढंच म्हणाली, "माफ कर, बाळा. उशीर केला तुझ्या आईने."

दुःख हलकं झालं का? नाही. खोटं कशाला बोला. ज्या घरातून मुलगा गेला तिथे सत्य कळलं म्हणून कोणी नाचत नाही. पण त्याला आता जागा होती. थडग्यावर नाव होतं, फुलं ठेवायला दगड होता, आणि झोर्याना रात्री कुशी बदलत न बसता रडून झोपी जाऊ लागली. वाचकहो, आशा ही मोठी गोष्ट आहे, पण जी आशा सत्याला दाराबाहेर थंडीत उभं करते, ती आपल्याच माणसाला उभं करत असते. युद्ध माणूस मारतं हे आपण पाहतोच. त्याचं नाव मात्र आपली भीती मारते, आणि तेवढं थांबवणं तुमच्या-आमच्या हातात आहे.

पुढच्या पवित्र संध्याकाळी त्या घरात पुन्हा चार ताटं होती. जास्तीचं मेलानियाने स्वतः मांडलं, कुतिया वाढली, वर जरा जास्त मध घातला. "बापाबरोबर वाटून घे," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं. उंबऱ्यात मोत्र्या उभी होती, शालीत गुरफटलेली. गेले कित्येक महिने ती "बघा, सांगितलं नव्हतं? नमुना दिला आणि पेटी आली" असं गावभर म्हणत फिरत होती. आता तिला आत यावं की नाही कळत नव्हतं. मेलानियाने तिला हात धरून आत घेतलं, बसवलं, समोर ताट ठेवलं. मोत्र्याने चमचा उचलला नाही. मेणबत्तीकडे बघत तिने विचारलं,

"दुखतं का गं ते? काडी फिरवतात तेव्हा?"

"तिथे नाही दुखत," मेलानिया म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर."