खिळ्यांत विरलेलं नाव

"आमच्या मालकांचं नाव कुनी सोडलं?"

सोजराबाई शेडच्या दारातूनच ओरडल्या. चिंचवडच्या त्या छापखान्यात भर दुपारी टेलिफोन डिरेक्टरी छापली जात होती. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा ज्योतीराम उठून उभा राहिला.

"मी सोडलं, वैनी. चिमाजीराव गेले असं..."

"गेले? वसरीवर बसल्यात! पर कालधरनं हाकेला ओ देईनात. सून हाका मारती, शेजारचा भिमाजी नावानं हाक मारतो, तर कुनाला बोलावलं म्हनून हेच मागं वळून बघत्यात."

ज्योतीरामच्या हातातला चिमटा खाली पडला.

छापखान्याचे जुने मालक सोपानराव यांनी कासारवाडीचं शेत विकून हा धंदा उभारला, तेव्हापासूनची, साऱ्या गावाला ठाऊक असलेली रीत होती. डिरेक्टरीच्या ओळी मोडायच्या नाहीत. वर्षानुवर्षं तशाच उभ्या ठेवायच्या. माणूस वारला तरच त्याची ओळ उचलायची, नाव एकदा मोठ्यानं घ्यायचं आणि खिळे पेटीतल्या आपापल्या घरात सोडायचे. आता धंदा मुंबईच्या कंपनीनं घेतला होता. तिच्या चिठ्ठीत चिमाजीरावांपुढे 'बंद' एवढंच होतं. त्यांच्या घरामागच्या वीटभट्टीवरचा टेलिफोन मध्यंतरी काही दिवस बिघडला होता, इतकंच. पण या शेडमध्ये बंदचा अर्थ एकच होता.

"पुढच्या वर्षी घालू," मॅनेजर मारुतराव म्हणाले. "आता यंत्र थांबणार नाही, ज्योतीराम."

"फुडच्या वर्षी कुनाचं घालताय, सायेब?" सोजराबाई म्हणाल्या. "सकाळी त्येंची सावलीबी फिकी दिसली मला."

ज्योतीराम ओळ जुळवू लागला. च मिळाला, ज मिळाला. म-चं घर रिकामं. कालचे खिळे सकाळीच कारखान्यांच्या नव्या पानांत गेले होते आणि ती पानं यंत्रावर चढली होती. उरलं होतं शेवटचं पान. त्याच्या तळाशी पहिल्या वर्षापासून एक ओळ होती: 'जुळणी : ज्योतीराम'. सोपानरावांनी हौसेनं घातलेली. आई गेल्यापासून मायेनं हे नाव घेणारं कोणी नव्हतं. चाळीत तो नुसता छापखानेवाला. दर वर्षी नवी प्रत आली की तो आधी तेच पान उघडायचा.

त्यानं त्या ओळीवरून अंगठा फिरवला. एक अक्षर काढून ओळ लंगडी ठेवणं त्याला जमलं नसतं. रीत होती म्हणून त्यानं नाव घेतलं, एकदाच, आई अंगणातून घ्यायची तसं. मग खिळे सुटे केले आणि म उचलला.

चिमाजीरावांची ओळ पानात बसली. पान चौकटीत आवळलं गेलं, यंत्र फिरलं.

मारुतरावांनी कुरकुरत एक्स्चेंजकडून भट्टीचा नंबर लावला आणि तिथल्या गड्याला मालकांच्या हाती रिसीव्हर द्यायला सांगितलं. लग्नातल्या उखाण्यानंतर जे नाव ओठांवर कधी आलं नव्हतं, ते सोजराबाईंनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून घेतलं.

"चिमाजीराव!"

खरखर झाली. मग दुरून, झोपेतून उठल्यासारखा आवाज आला. "ओ. अगं, नाव काय घेतीस? येड लागलं का तुला?"

सोजराबाई रडता रडता हसल्या. पदरानं तोंड पुसून त्या जुळाऱ्याकडे वळल्या.

"लई उपकार झालं, भाऊ. देवाम्होरं तुमचं नाव घेईन. काय नाव तुमचं?"

त्यानं सांगायला तोंड उघडलं. बाई वाट बघत राहिल्या. त्यानं मारुतरावांकडे पाहिलं. मारुतरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले आणि थांबले.

तो फडक्यानं बोटांची शाई पुसत राहिला, हळूहळू, एकेक बोट.