लेबल खरडलेल्या गोळ्या

मी तोंडाची फटकळ, हे सडक अर्जुनीच्या बाजारातही सगळ्यायले माहीत आहे. पण एका गोष्टीवर अकरा वर्षं तोंड शिवून बसली होती. माह्या नवऱ्याले, इंद्रकुमारले, एचआयव्ही आहे. मलेही आहे. "बाजाराले चाललो" सांगून आम्ही दोघं गोंदियाहून गोळ्या आणायचो. घरी आलं की मी डबीवरचं लेबल नखानं खरडून टाकायची. कोणी विचारलंच त रक्तवाढीच्या गोळ्या.

उन्हाळ्यात नणंदेचं, भूमिकाचं लग्न झालं. महिनाभर आमच्या खोलीत पाहुणे. त्यायच्यासमोर गोळी कशी खायची, म्हणून यानं खाणंच सोडलं. पाहुणे गेले तरी म्हणे, "बरं वाटून राहिलं मले, कायले खाऊ?" मी भांडली, अबोला धरला. ऐकेल त शप्पथ.

दिवाळीनंतर धान कापताना याच्या पायाले विळा लागला. जखम ती केवढी, बोटाच्या पेराएवढी. तिसऱ्या दिवशी ताप भरला, माणूस बरळायले लागला, हातपाय थंडगार. गोंदियाच्या दवाखान्यात थेट आयसीयूत घेतलं. तिथं चेतना मॅडम डॉक्टर होत्या, वयानं पोरगीच म्हणा. जंतू रक्तात पसरले, बीपी पडला, लघवी बंद झाली, म्हणाल्या. "पहले से कोई बीमारी? कुठली गोळी चालू होती?"

"काही नाही," मामाजी म्हणाले. त्यायले तरी कुठं माहीत होतं.

मामाजी म्हणजे माहे सासरे, परसराम. गावच्या तलावाचे पाणकर. कोणाच्या धानाच्या बांधीत आधी पाणी सोडायचं ते तेच ठरवतात, अन् त्यायच्या शब्दापुढं कोणी जात नाही. मीही गेली नाही. पदर तोंडाशी धरून उभी राहिली. त्या उभं राहण्याची मले अजून लाज वाटते.

दुपारी मॅडम परत आल्या. औषध वाढवत नेलं तरी बीपी धरून नाही राहिला, म्हणाल्या. काचेतून मी याच्याकडे पाहिलं. मशीन छाती वरखाली करत होती, तो कुठंच नव्हता.

"एचआयव्ही आहे त्याले," मी मामाजींसमोरच म्हटलं. "सहा महिने झाले, गोळ्या बंद आहेत. मलेही आहे."

मॅडम रागावल्या नाहीत. आता काय शोधायचं ते समजलं, म्हणाल्या, अन् पळतच आत गेल्या. औषधं बदलली, नवीन तपासण्या लावल्या. मामाजी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दोन दिवस माह्याशी एक शब्द नाही. मी समजून घेतलं, आता आपली चूल वेगळी, गिलास वेगळा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनं दोघायले आत बोलावलं. "लघवी सुरू झाली," म्हणाल्या. खाटेखाली प्लास्टिकची पिशवी लटकली होती. तिच्यात थेंब पडला. मग दुसरा. मामाजी गुडघ्यावर बसून पाहून राहिले. मीही वाकली. चोरखमारा तलाव काठोकाठ भरलेला मी पाहिला आहे, पण अशी थक्क कधी झाली नाही. त्याले शुद्ध नाही, श्वास मशीनचा, अन् आत कुठंतरी त्याचा देह आपलं काम पुन्हा करायले लागला होता. कोणी सांगितलं त्याले? माहे हात आपोआप जोडले गेले.

मामाजींनी मान वर केली नाही. "शामकला, तूही खाते ना गोळ्या?"

"हो, मामाजी."

"आज खाल्ली?"

डबी घरीच राहिली होती. गडबडीत मले सुचलंच नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, मी स्वतःले पण नाही.

"तीन दिवस झाले," मी म्हटलं, अन् तिथंच फरशीवर बसून रडली.

मामाजी उठले. नर्सा होत्या, दुसऱ्या पेशंटचे लोक होते. तलावाच्या पाळीवर उभं राहून बोलतात तशा मोठ्या आवाजात ते मॅडमले म्हणाले, "माह्या सुनेलेही एचआयव्ही आहे. तिची गोळी कुठं भेटते सांगा, मी घेऊन येतो."