चहा आणि पाव

आईच्या खुब्याचं ऑपरेशन त्या सकाळी ठरलं होतं. मी हॅलिफॅक्सहून आदल्या दिवशीच केप ब्रेटनला आले होते. तिला आत न्यायच्या आधी भूलतज्ज्ञ मॅकआयझॅक आले.

"आज ऑपरेशन नको. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, फारच कमी आलंय. अशात भूल दिली तर मेंदूला सूज येऊ शकते."

मी चक्रावले. आई जरा सुस्त होती, एवढंच.

"मोरॅगबाई, रोज काय जेवता?" त्यांनी आईला विचारलं.

"चहा आणि पाव."

"आणि संध्याकाळी?"

"तेच. चहा मात्र भरपूर घेते."

"नुसतं पाणीच जातंय पोटात, सकस अन्न काहीच नाही; त्यानेच सोडियम उतरलंय," ते मला म्हणाले.

"अगं आई, रोज फोनवर काय काय केलंस ते सांगतेस की! परवा कॉड माशाची टिक्की, त्याआधी मटण-बटाटे."

"तुझे बाबा होते तेव्हा मी जे करायचे, तेच तुला सांगायचे," आई शांतपणे म्हणाली. "तू विचारायचीस, मग काहीतरी सांगायला नको? एकटीसाठी कुठे शेगडी पेटवू?"

बाबांना जाऊन दोन हिवाळे झाले होते. मी आले की ती रांधायची, म्हणून मला कधी शंकाच आली नाही. मी तिच्या पलंगावरच बसले.

"मग आता भराभर मीठ चढवा ना," मी म्हणाले.

"घाई केली तर मेंदूला इजा होईल. हळूहळूच वाढवावं लागेल."

त्यांनी तिचा चहा मोजून द्यायला सांगितला. मी तिथेच राहिले आणि तिला अंडी, मासे, सूप भरवलं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन नीट पार पडलं.