जुलैमधले मोजे

छतावरची उन्हावर पाणी तापवायची टाकी गळायला लागली तेव्हाच मी ठरवलं, नवी टाकी परवाना असलेल्या माणसाकडूनच बसवायची. माझा नवरा लेफ्कोस लगेच तणतणला.

"पानिकोसला काय सांगू? लग्नात त्यानं आपल्या डोक्यावर मुकुट ठेवलेत!"

"मुकुट ठेवले म्हणून नळ जोडता येतात का?"

पानिकोस आमचा कुंबारो. लग्नात मुकुटांची अदलाबदल करणारा माणूस आमच्याकडे सख्ख्या भावासारखा. त्याला वगळून दुसऱ्याला बोलावणं म्हणजे गावासमोर त्याचं नाक कापणं. लार्नाका शहराजवळच्या आमच्या गावात निम्म्या छतांवर, आमच्याही, त्यानंच टाक्या बसवल्यात, परवाना नसताना. माझा त्याच्यावर राग नव्हता. मला धास्ती होती ती थेओपिस्तीआईंची, माझ्या सासूबाईंची. साखरेच्या आजारानं त्यांच्या पायांची जाणीव गेलेली. चपलेत खडा गेला तरी कळत नाही. आणि आमच्या नळाचं पाणी उन्हाळ्यात दुपारी हाताला सोसत नाही.

शेवटी लेफ्कोसला न विचारता मीच फोन केला.

लार्नाकाहून परवानावाला किप्रियानोस आला. छतावर बराच वेळ खुडबूड करून खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा बरा नव्हता.

"बाई, गार पाणी मिसळणारी झडपच नाहीये. टाकीतलं कढत पाणी थेट न्हाणीघरात येतंय. कुणी भाजलं नाही ना?"

"नाही हो, कुणी नाही," द्राक्षाच्या मांडवाखालून सासूबाई इतक्या पटकन म्हणाल्या, की मी वळून बघितलं. त्यांच्या पायांत भर जुलैच्या उकाड्यात जाड लोकरीचे मोजे होते. चार दिवसांपासून घालत होत्या. विचारलं, तर म्हणाल्या होत्या, पाय गार पडतात.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि पानिकोस आत आला. दारातली परकी गाडी गावानं त्याच्या कानावर घातलीच असणार. मी कॉफी ठेवली, त्यानं कपाला हातही लावला नाही.

"लेफ्को, माझ्या हातांना काय महारोग झालाय?"

उत्तर मीच दिलं. "झडप नाहीये, पानिको. पाणी भाजतंय."

"माझ्या टाकीनं आजवर कुणाला भाजलं नाही! मावशी, तूच सांग हिला."

"नाही रे बाळा. तुझी टाकी चांगली आहे," सासूबाई म्हणाल्या.

"ऐकलंस, लुकिया?" असं म्हणत तो तरातरा न्हाणीघरात गेला, नळ पूर्ण सोडला आणि आमच्याकडे बघत हात पाण्याखाली धरला. लगेच ओरडून मागे घेतला. हात मनगटापर्यंत लाल झाला होता.

"आज... आज ऊन जास्त आहे," तो म्हणाला.

मी धावत मांडवाखाली गेले आणि सासूबाईंच्या पायांशी बसले. त्या माझे हात ढकलत राहिल्या. "राहू दे गं, लोकांसमोर काय हे!" मोजा निघेना, कातडीला चिकटला होता. निघाला तेव्हा लेफ्कोसनं तोंड फिरवलं. दोन बोटं काळी पडली होती.

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

"का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर याला गावानं काय काय बोललं असतं," त्या म्हणाल्या. "आणि दुखतंय कुठं मला?"

किप्रियानोसनं न सांगताच छतावर जाऊन टाकीचं पाणी बंद केलं. पानिकोसनं सासूबाईंना उचलून आपल्या गाडीत बसवलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला. बोटं वाचतील का ते आत्ताच सांगता येत नाही, म्हणाल्या. कसं झालं म्हणून विचारलं.

"कॉफीचं भांडं सांडलं," सासूबाई म्हणाल्या.

"खोटं आहे," पानिकोस म्हणाला. "पाण्याची टाकी मी बसवली. मला ते काम येत नाही. कधीच येत नव्हतं."

"गप्प बस रे!" सासूबाई चिडल्या. मग त्यांनी त्याचा लाल झालेला हात धरला आणि डॉक्टरीणबाईंपुढे केला.

"माझं राहू दे. आधी याचा हात बघा. याला दुखतंय."