एव्हारिस्तोच्या तोंडासमोर

मी एक जुना, पोचे पडलेला माईक आहे, मित्रांनो, आणि एव्हारिस्तो लोसानो हा माणूस मला कधीच आवडला नाही. माईकने असं बोलू नये, हे मला कळतं. आमचं काम ऐकायचं आणि पुढे पोचवायचं. पण एकोणीस वर्षं ज्याची थुंकी माझ्या जाळीवर उडाली, त्याच्याबद्दलचं माझं मत एकदा तरी ऐकून घ्या.

माझा जन्म सीमेपलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी मोन्तेर्रे शहरात आलो तो एका नाचघरात. तिथल्या गायिका माझ्या इतक्या जवळ येऊन गात, की माझ्या जाळीला त्यांच्या ओठांचा रंग लागे. लोक माझ्यासमोर प्रेमाबद्दल खोटं बोलत, पण गोड बोलत. पुढे नाचघर बंद पडलं आणि ला लोमा वस्तीतल्या एका छोट्या रेडिओ केंद्राने मला उचललं. खाली टायरचं दुकान, वर आमची एक खोली. फेर्मिन नावाचा अबोल तंत्रज्ञ ती सांभाळायचा. दर सोमवारी तो माझी जाळी काढून टूथब्रशने घासायचा. एव्हारिस्तोचा कार्यक्रम रविवारी असे, हे त्याचं खरं कारण.

एव्हारिस्तोने तीस वर्षं काचेच्या भट्टीवर काम केलं होतं. तिथल्या आवाजाने त्याचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे तो साधं पाणी मागायचा तेही भांडल्यासारखं. फुटबॉलवर त्याचा जीव होता, आणि फुटबॉल खेळणाऱ्यांवर राग. रविवारी दुपारी, घरोघरी अंगणात मांस भाजायला निखारे पेटत, तेव्हा तो माझ्यासमोर बसून आदल्या दिवशीच्या सामन्याची चामडी सोलायचा.

आमच्या शहरात दोन फुटबॉल आहेत, मित्रांनो. एक पायाने खेळतात तो, आणि दुसरा हेल्मेट घालून, अंगावर पडून खेळतात तो. एव्हारिस्तोची मुलगी नेलिदा या दुसऱ्याची वेडी. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. कॉलेजात असताना ती त्या खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधायची, तेव्हापासून तिला ते वेड. केंद्राच्या मालकाने एकदा या दोघांना जेवणाच्या टेबलावर भांडताना ऐकलं आणि म्हणाला, हेच रेडिओवर करा. मग माझ्यासमोर दोन खुर्च्या आल्या.

"चार सेकंद धक्काबुक्की, मग चाळीस सेकंद विश्रांती," एव्हारिस्तो म्हणायचा. "हा खेळ आहे की दवाखान्यातली रांग?"

"आणि तुमचे ते नव्वद मिनिटं पळतात आणि शून्य-शून्य करून घरी जातात," नेलिदा म्हणायची. "वर कुणी नुसतं जवळून गेलं तरी गुडघा धरून लोळतात. बाबा, मी त्या गुडघ्यांचे फोटो काढते. काही झालेलं नसतं."

"तुझ्या लोकांच्या डोक्यांचा काढ की. आत काही सापडलं तर मलाही दाखव."

लोक हसून बेजार व्हायचे. फोन वाजायचा थांबत नसे. ती सहा वर्षं माझ्या आयुष्यातली भरभराटीची. टायरवाला आम्हाला ऐकायला दुकानात भोंगा लावायचा. मालकाने माझ्यासाठी नवा स्टँड आणला. बाप आणि मुलगी, दोघंही जिभेने धारदार होती. हेल्मेटवाल्या फुटबॉलच्या कोयोतेस संघाचा एक खेळाडू सोपा चेंडू सोडायचा, त्याला नेलिदाने 'लोण्या' नाव पाडलं आणि ते त्याला आयुष्यभर चिकटलं. ती काही देवी नव्हती. एवढं सांगून ठेवतो.

मग ती अंतिम लढत झाली. आमच्या वस्तीचा कांतेरा क्लब वरच्या गटात जायला एका सामन्यावर आला होता. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला समोरच्या संघाच्या एकाने लांबून, कंटाळून मारावा तसा एक फटका मारला. गोलरक्षक साउल बेर्लांगा नीट चेंडूच्या मागे आला, वाकला, आणि चेंडू त्याच्या हातांमधून, मग पायांमधून मागे गेला. कांतेरा हरला. 

पुढच्या रविवारी एव्हारिस्तो आला तेव्हा त्याच्या श्वासावरूनच मी ओळखलं, की आज काहीतरी वेगळं आहे. पहिला अर्धा तास त्याने साउलच्या हातांची, पायांची आणि आईची चौकशी केली. त्याची मला सवय होती. मग तो माझ्या अगदी जवळ आला आणि आवाज खाली आणला. तो आवाज खाली आणतो तेव्हा घात करतो.

"असा चेंडू माणसाच्या हातून सुटत नाही," तो म्हणाला. "सोडावा लागतो. सामन्याला आठ दिवस झाले नाहीत, आणि बेर्लांगाच्या दारात नवीकोरी गाडी उभी आहे. मी स्वतः पाहिली. आता गोलरक्षकाला कोण गाडी देतं आणि कशासाठी देतं, हे मी सांगायची गरज नाही. विकला गेलाय तो."

नेलिदाने माझ्यावर हात ठेवला. तिचा तळवा गार होता. "बाबा, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मला डोळे आहेत."

"गाडी दिसली. विकत घेणारा दिसला का?"

फेर्मिनने काचेपलीकडून गाणं लावलं. पण तो शब्द गेला होता, मित्रांनो, आणि तो माझ्यातून गेला होता.

पुढचं मला फोन करणाऱ्यांकडून आणि फेर्मिनच्या पुटपुटण्यातून कळलं. साउलच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगाने 'विकलेला' लिहिलं. खिडक्या फुटल्या. त्याची बायको अल्मा घरी मैद्याच्या पोळ्या करून विकायची. अकरा वर्षं वस्ती तिच्या पोळ्या खात होती. एका आठवड्यात तिच्या दारात कुणी येईना. क्लबने साउलला काढलं. आणि ती गाडी अल्माच्या भावाची होती. तो सुट्टीत टेक्ससहून आला होता. सुट्टी संपली, गाडी घेऊन तो परत गेला. हे केंद्रात सगळ्यांना कळलं. एव्हारिस्तोलाही.

"आता सांगून टाका," नेलिदा म्हणाली. कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं होती.

"काय सांगू? लोक म्हणतील म्हातारा घाबरला."

"म्हणू देत."

"तू त्या पोराला लोण्या म्हणालीस, तेव्हा तुझा जीव नाही तुटला."

"तो चेंडू सोडत होता म्हणून मी त्याला लोण्या म्हटलं. ते सगळ्यांनी पाहिलं होतं. वाईट म्हणणं वेगळं आणि चोर म्हणणं वेगळं. एवढंही कळत नसेल तर एकट्यानं बोला."

तिने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि ती गेली. त्या रविवारी एव्हारिस्तो तासभर एकटाच बोलला. त्याला उत्तर देणारं कुणी नव्हतं, त्यामुळे तो आणखीच चढला. पंच चोर, प्रशिक्षक चोर, गवत कापणाराही चोर. मला तो तेव्हा जितका खुजा वाटला तितका कधीच वाटला नाही. पण माझा आवाज बंद करायचं बटण माझ्या हातात नाही.

तीन आठवड्यांनी साउल स्वतः आला. कार्यक्रम चालू होता. फेर्मिनने दार उघडलं आणि, कुणी सांगितलं नसताना, नेलिदाची खुर्ची पुढे ओढली. साउल बसला. तिशीचा, मोठ्या हातांचा माणूस. ते हात त्याने मांडीवर असे ठेवले होते, जसे काही ते दुसऱ्याचे आहेत.

"लोसानो साहेब, मला माफी नको," तो म्हणाला. "मी एक शब्द मागायला आलोय."

"कुठला शब्द?"

"वाईट. मी वाईट खेळलो असं म्हणा. चेंडू सोपा होता, माझ्याकडून सुटला. मी ते रोज पाहतो. तुम्ही मला या शहरातला सगळ्यात वाईट गोलरक्षक म्हणा, मी इथे बसून ऐकतो. पण विकलेला म्हणू नका. माझी बायको पोळ्या करते आणि संध्याकाळी त्या आम्हीच खातो."

 सगळी वस्ती ऐकत होती. मला वाटलं, हा माणूस आता तरी माणसासारखा बोलेल.

"जे मी एकदा बोललो," एव्हारिस्तो म्हणाला, "ते मी मागे घेत नाही."

साउलने मान हलवली. "कळलं," तो म्हणाला, आणि उठून गेला. त्या क्षणी, मित्रांनो, माझी वायर तुटावी, असं मला वाटलं. ती तुटली नाही.

नेलिदा हे सगळं इस्पितळात रेडिओवर ऐकत होती. ड्युटी संपल्यावर ती थेट साउलच्या घरी गेली. लाल अक्षरांवर त्याने चुना फासला होता, तरी ती दिसत होती. तिने अल्माकडून दोन डझन पोळ्या घेतल्या आणि साउलला विचारलं, "गोलमधून चेंडू किती लांब मारता?"

"अर्ध्या मैदानापलीकडे. का?"

"कोयोतेसना लाथ मारणारा हवा आहे. हेल्मेट घालावं लागेल."

त्या खेळात दोन उंच खांब असतात. त्यांच्या मधून चेंडू लाथेने पार केला की तीन गुण. साउल वर्षभर ते शिकला. संघातल्या काहींनी आधी तोंडं वाकडी केली. पण त्याच्या लाथेने सामने जिंकले, तसे ते गप्प झाले. वस्ती मात्र गप्प झाली नव्हती. मैदानाबाहेर अजूनही एखादा तो शब्द फेकायचाच.

पुढच्या वर्षी कोयोतेस अंतिम फेरीत पोचले. मालकाने सामना रेडिओवर घ्यायचं ठरवलं, आणि खर्च उचलणाऱ्या टायरवाल्याने अट घातली, की बाप आणि मुलगी दोघंही हवीत. दोघं वर्षभर एकमेकांशी बोलली नव्हती. तरी दोघं आली. लोकांना वाटलं, टायरवाल्याच्या शब्दाखातर. मला वाटतं, दोघांनाही दुसऱ्याला हरलेलं पाहायचं होतं.

मला मैदानाच्या कडेला लाकडी टेबलावर ठेवलं. माझा आवाज रेडिओवर जात होता आणि मैदानावरच्या भोंग्यांतूनही. एव्हारिस्तोने सुरुवातीपासून विष ओकायला घेतलं. "बघा, पुन्हा पडले. आता डॉक्टर, आता पाणी, आता देवाची प्रार्थना." नेलिदा दातांवर दात दाबून खेळ सांगत राहिली. 

तीन सेकंद उरले तेव्हा कोयोतेस दोन गुणांनी मागे होते. पस्तीस यार्डांवरून साउलला लाथ मारायची होती. सरावात तो हे डोळे मिटून करायचा. तो धावला, पाय फिरला, आणि चेंडू डाव्या खांबाच्या बराच बाहेरून गेला.

 मग मागच्या ओळींतून कुणीतरी ओरडलं, "विकलेला." दुसरा ओरडला. मग शंभर जण, मग सगळेच, पाय आपटत, टाळ्यांच्या ठेक्यावर. मैदानावर कागदी पेले येऊन पडायला लागले. साउल खांबांकडे तोंड करून उभा होता.

नेलिदाने मला उचललं आणि बापाच्या तोंडासमोर ठेवलं.  मला त्याचा श्वास ऐकू येत होता. चार वेळा त्याने श्वास घेतला आणि सोडला. पाचव्यांदा तो बोलला.

"गप बसा," एव्हारिस्तो भोंग्यांतून म्हणाला. "तुम्हाला खेळ कळत नाही, निदान तोंड तरी बंद ठेवा. मी सांगतो काय झालं. वाईट मारली. टेकवायचा पाय मागे राहिला, कंबर आधी वळली, चेंडू वाकडा गेला. इतकी वाईट लाथ मी या मैदानावर पाहिली नाही. हा माणूस वाईट लाथ मारतो, आणि गेल्या वर्षी तो वाईट गोलरक्षक होता." तो थांबला.  "विकत कुणी घेतलं नव्हतं त्याला. ते मी बनवून सांगितलं होतं. ती गाडी त्याच्या मेव्हण्याची होती. आणि असला माल विकत घेणार तरी कोण?"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, आणि त्या हसण्यात तो ठेका मोडला. साउलने हेल्मेट काढलं. तो वळून आमच्या टेबलाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने एक हात वर केला, खेळाडू स्वतःची चूक कबूल करताना करतो तसा, आणि चालत मैदानाबाहेर गेला.

"एवढंच होतं, बाबा," नेलिदा म्हणाली. "एक वर्ष लावलंत."

"तुझा खेळ अजूनही भिकार आहे," एव्हारिस्तो म्हणाला.

गोड शेवट मी सांगणार नाही, कारण तो झाला नाही. एव्हारिस्तो साउलच्या दारी कधी गेला नाही, आणि साउलनेही त्याला कधी घरात घेतलं नसतं. क्लबने साउलला परत बोलावलं नाही. अल्माच्या दारात लोक यायला लागले, पण सगळे नाही. काहींना एकदा ऐकलेलंच खरं वाटत राहतं. मी पोचवलेला पहिला शब्द दुसऱ्यापेक्षा कितीतरी लांब गेला होता. म्हाताऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.

पुढे फेर्मिन निवृत्त झाला, केंद्रात नवे, बारीक माईक आले, आणि मी तुटक्या तारांच्या खोक्यात गेलो. जाळीवर गंज आहे. आता प्रत्येकाच्या खिशात माझ्यासारखा एक असतो, असं ऐकतो. त्यात कुणीही, कधीही, कुणाबद्दलही बोलतं, आणि शेजारच्या खुर्चीत विचारणारं कुणी नसतं.

मित्रांनो, तुम्ही गोड बोला, असं मी सांगत नाही. वाईट खेळणाऱ्याला वाईट म्हणा, त्याच्या लाथेची, हातांची, चालीची खुशाल चेष्टा करा. खेळणाऱ्याला ते सोसतं. पण जे तुम्ही पाहिलं नाही, ते आमच्या तोंडी घालू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.